मृगातला रस्ता : नांदेड ते लातूर

सोमवार, नांदेड

टायर कोणते घ्यावे, हे आधी हवामान ठरवते. थंड देशांत हिवाळी टायर वेगळे असतात. त्यांचे रबर ७ अंश सेल्सिअसच्या खालीही मऊ राहते आणि नक्षीतल्या बारीक चिरा बर्फावर पकड घेतात. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही त्यांची खूण. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च ते सक्तीचे आहेत. गोदाकाठच्या नांदेडला मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि डांबर त्याहून बरेच तापते. इथे तेच मऊ रबर झपाट्याने झिजते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. मराठवाड्याला हवे ते ऊन सोसणारे आणि पावसात पाणी बाहेर फेकणारे टायर, कारण मृगात दोन्ही एकाच आठवड्यात भेटतात.

मंगळवार, लोहा

नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर आणि लातूर सुमारे ६३० मीटरवर. राष्ट्रीय महामार्ग ३६१ लोह्यावरून बालाघाटच्या माळांवर चढत जातो. भरलेली गाडी, चढ आणि ऊन एकत्र आले की हवेचा दाब महत्त्वाचा. उन्हात हवा वाढते म्हणून ती मुद्दाम कमी ठेवण्याची सवय अनेकांना आहे. ती घातक आहे. हवा कमी असली की टायरची कड सारखी दबते, त्यातून उष्णता वाढते आणि टायर फुटतो. सकाळी, गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना हवा तपासावी. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो.

बुधवार, अहमदपूर ते चाकूर

या पट्ट्यातला खरा धोका काळ्या मातीचा. बेसाल्ट झिजून झालेली ही माती अतिशय बारीक कणांची. पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. पहिला चांगला पाऊस पडला की पेरणीची धांदल सुरू होते. शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना चिकटलेला चिखल डांबरावर सांडत जातो आणि वर भुरभुर आली की त्याचा गुळगुळीत थर होतो. हा चिखल टायरच्या खाचांत बसला की नव्या टायरचीही नक्षी बुजते. अशा ठिकाणी वेग आधीच कमी करावा. थरावर गेल्यावर जोरात ब्रेक किंवा झटक्यात स्टिअरिंग नको.

टायर निवडताना लांबीच्या दिशेने रुंद, सरळ खाचा आणि बाजूला उघड्या आडव्या खाचा पाहाव्यात. पाणी आणि चिखल तिथूनच बाहेर पडतो. रोज शेतरस्त्याने जाणाऱ्या जीपला मोठ्या सुट्या ठोकळ्यांच्या नक्षीचे बटन टायर उपयोगी, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते. मोठ्या खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की फक्त १.६ मिलिमीटर उरली असे समजावे; कायद्याची मर्यादा तीच. पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याआधीच, नक्षी ३ मिलिमीटरच्या खाली जाताच, ढासळू लागते. पावसाळ्याआधी बदलणे शहाणपणाचे.

गुरुवार, लातूर

दुकानात आधी कडेवरचे चार आकडे वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेले टायर. उन्हात पडून राहिलेल्या रबराला बारीक तडे जातात; नक्षी शाबूत असली तरी असे टायर नको. आकार आणि भार-वेगाची खूण कंपनीने सांगितलेलीच घ्यावी. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर टाळावे. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावावेत. पुढचे घसरले तर वेग उतरवून गाडी बहुधा सावरता येते. मागचे घसरले तर ती गरकन फिरते.

हिवाळ्यात मनाली किंवा काश्मीरकडे गाडी नेणाऱ्यांनी बर्फासाठी चाकांवर चढवायच्या साखळ्या सोबत घ्याव्यात आणि त्या इंजिनाची ताकद जाणाऱ्या चाकांनाच बसवाव्यात. कोरडा रस्ता लागताच त्या काढाव्या लागतात.

मृगाच्या आधी चारही चाके पाहून घ्या, आणि स्टेपनीही.