वैशाखातलं पाणी

अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वालधुनी वाहते. मंदिर 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं. पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे जाताना नदी कारखान्यांचं, गटारांचं पाणी घेत काळवंडते, आणि लोक तिला नाला म्हणतात. काठावरच्या एका जुन्या घरातल्या आजी मात्र शेवटपर्यंत नदीच म्हणत. माझ्या कामातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण त्यांचं.

भूजल तपासणीसाठी मी त्यांच्या विहिरीचे नमुने घेई. पहिली फेरी गणपतीनंतर झाली. क्षार बेताचे, वास नाही. 'पाणी बरं आहे' असं लिहायला घेतलं होतं. आजी म्हणाल्या, "आता काय बघतेस, पोरी? आता विहीर नदीला देते. वैशाखात ये. तेव्हा नदी विहिरीला देते."

वैशाखात गेले. टेप सोडला, तर विहिरीतलं पाणी नदीच्याही खाली. बाटली भरतानाच उग्र वास आला. क्षारांचा आकडा कितीतरी चढलेला. आपला काळा कातळ वरून अभेद्य वाटतो, पण मुरमातून, भेगांतून पाणी सरकतं. पावसाळ्यात भूजल वर येऊन नदीत झिरपतं, उन्हाळ्यात नदी जमिनीत मुरते. मी हे पुस्तकात वाचलं होतं. आजींना ते तुरीच्या डाळीनं सांगितलं: उन्हाळ्यात ती विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात शिजेनाशी झाली.

पूर्वी त्या घरी दर उन्हाळ्यात विहीर उपसून गाळ काढत. पुढे नदी काळवंडल्यावर जितकं उपसावं तितकं नदीचं पाणी आत ओढलं जाई. म्हणून आधी नदीत सांडपाणी सोडणं थांबवायचं, मग पात्रातला विषारी गाळ काढायचा, मग विहीर उपसायची. सफाईचा हा क्रम मला त्या काठावर पटला.

2014 च्या नोव्हेंबरअखेर नदीत ओतलेल्या रसायनाच्या वायूनं उल्हासनगरात शेकडो माणसं रुग्णालयात गेली. तो वायू हवेत विरला. जमिनीत मुरलेलं असं विरत नाही. त्याच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते.

आजी आता नाहीत. अक्षय्य तृतीयेला लोक पितरांच्या नावानं पाण्याचा कुंभ देतात. त्या दिवशी मी त्यांच्या विहिरीवर जाते, बाटली तीनदा विसळून काठोकाठ भरते आणि चिठ्ठीवर तारखेआधी लिहिते: वैशाख.