‘तू माझी आई नाहीस!’ : सावत्र पालकांसाठी थोडेसे

“डॉक्टर, मुलगा घरात धड बोलतच नाही, काय करावं?” हा प्रश्न मला दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो आणि मी शांतपणे समजावून सांगते. आज मात्र मी डॉक्टर म्हणून कमी आणि सावत्र आई म्हणून जास्त लिहिणार आहे.

माझे लग्न उशिरा, ४५व्या वर्षी झाले. माझ्या पतीच्या पहिल्या पत्नीला जाऊन तेव्हा ३ वर्षे झाली होती. मुलगा १३ वर्षांचा. मला वाटले, इतकी वर्षे लोकांची मुले तपासली, एका मुलाला समजून घेणे काय अवघड आहे? हा भ्रम वर्षभरातच उतरला.

तो मला ‘मावशी’ म्हणायचा, तेही गरज पडली तरच. जेवताना आमटी बाजूला सारायचा. एका रात्री १२ वाजून गेले तरी मोबाइल चालूच होता, म्हणून मी तो काढून घेतला. तो ओरडला, “तू माझी आई नाहीस! मला शिकवू नकोस!”

त्या रात्री मी खूप रडले. रागही आला, आणि राग आला याची लाजही वाटली. गोष्टींमधली सावत्र आई दुष्टच असते. आपण तशाच होत आहोत की काय, ही भीती मनात बसली. खरे सांगायचे तर त्याच्याबद्दल मला अजून माया वाटत नव्हती. फक्त जबाबदारी वाटत होती. हे मी कुणालाच सांगितले नव्हते.

मुलाच्या मनात काय चालते?

किशोरवयात मेंदूतील भावनांचे केंद्र जोरात काम करते, पण त्यांना आवर घालणारा कपाळामागचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. या वयात झोपही निसर्गतःच उशिरा येते. म्हणजे मोबाइलचा दोष होताच, पण सगळा नव्हता.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. नव्या आईशी जवळीक केली तर आपल्या आईशी बेइमानी होईल, असे अनेक मुलांना आतून वाटते. त्यांना ते शब्दांत सांगता येत नाही. ते उद्धटपणातून, अबोल्यातून, कधी डोकेदुखी-पोटदुखीतून बाहेर पडते.

आम्ही काय बदलले?

अभ्यास, मोबाइल, शिस्त याबद्दल बोलायचे ते वडिलांनी. मी मागे राहिले. घराला रंग देताना त्याच्या आईचा फोटो मी आतल्या खोलीत ठेवला होता. तो पुन्हा दिवाणखान्यात लावला. तो काहीच बोलला नाही. थोड्या दिवसांनी मी विचारले, “आई आमटी कशी करायची रे?” तो म्हणाला, “चिंच नाही घालायची. आमसूल.” आमचे पहिले खरे बोलणे ते.

तो १५ वर्षांचा असताना सायकलवरून पडला, मनगटाचे हाड मोडले. वडील परगावी होते. रुग्णालयाच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यापाशी माझा पेन थांबला. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार सावत्र आई नैसर्गिक पालक ठरत नाही. वडिलांची संमती फोनवरून घेतली गेली. नर्सने विचारले, “तुम्ही आई ना?” मी गप्प. तोच म्हणाला, “मावशी आहे माझी. हिलाच सांगा सगळं.”

आज तो २१ वर्षांचा आहे. अजूनही मावशीच म्हणतो. त्याच्या आईची जागा घ्यायची नाही हे मी मान्य केले, तेव्हाच मला माझी जागा मिळाली.

तुमच्यासाठी

लगेच प्रेम वाटले नाही, तर स्वतःला दोष देऊ नका. चांगले वागणे आपल्या हातात असते. माया मागून येते. नाते जुळायला महिने नाही, वर्षे लागतात. जोडीदाराशी मोकळेपणी बोला, पण मुलाच्या देखत तक्रार नको. त्याच्या आईबद्दल किंवा वडिलांबद्दल वाईट शब्द तर कधीच नको.

मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, मित्र तुटले असतील, तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःला इजा करण्याची किंवा मरणाची भाषा ऐकली, तर एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आणि २४ तास चालू असतो. तुम्हीच खचला असाल, तर तुम्हीही तो फिरवू शकता.