अंगी लागणे

लहानपणी दिवाळीच्या सुटीत आम्ही आजोळी, बुलढाण्याला जात असू. खामगावहून निघालेली एस. टी. बोथ्याच्या जंगलात शिरली, की आई हमखास म्हणायची, "आता गारवा लागेल, कानाला बांधा." तेच जंगल आज ज्ञानगंगा अभयारण्य म्हणून ओळखले जाते.

गेल्या दिवाळीत नातवाला घेऊन मोटारीने त्याच रस्त्याने गेलो. थोरले मामेभाऊ, आमचे नाना, बरोबर होते. त्यांची सारी नोकरी जंगलखात्यात झालेली. वाटेत पाय मोकळे करायला उतरलो, तर नातवाने सागाचे एक पान उचलून आणले. हिरवे सारे नाहीसे झालेले. उरली होती ती शिरांची नाजूक जाळी.

"आजोबा, हे कोणी विणलं?"

"विणलं नाही रे, खाल्लं," नाना म्हणाले. "एक अळी असते. शिरा टाकून मधलं तेवढं खाते. पावसाळा सरताना जंगलंच्या जंगलं तपकिरी करते. साग त्यानं मरत नाही, पण त्याची वाढ खुंटते."

ही अळी काही नवी नाही. पण अशा पानखाऊ अळ्यांच्या ताटातले अन्न मात्र बदलू लागले आहे. 1958 साली हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात झाली, तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे 315 भाग होता. आज तो 420 च्या वर गेला आहे. कोळसा आणि पेट्रोल जाळून आपणच तो वाढवला. पान याच वायूतून साखर करते. वायू वाढला की साखर आणि पिष्ट वाढते. जमिनीतून येणारे नत्र मात्र त्या मानाने वाढत नाही. म्हणजे पानातली प्रथिने विरळ होतात. अळीचे अंग भरायचे ते प्रथिनांनी! मग बिचारी अधिक खाते, तरी सावकाश वाढते.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये झाडांभोवती नळ्यांची कडी उभारून हा वायू सोडून पाहिला, तेव्हा किड्यांनी जास्त पाने फस्त केली. उत्तर कॅरोलायनातल्या तशाच प्रयोगात उलट पानांचे नुकसान घटले. निकृष्ट अन्नावर सगळ्याच अळ्या तग धरतात असे नाही. आणि जी हळू वाढते, ती पाखरांच्या चोचीत सापडायला अधिक दिवस मिळतात.

घरी पोचल्यावर हे सारे सांगितले, तेव्हा वहिनी सहज म्हणाल्या, "म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही, असंच ना?"

इतके नेमके मला सांगता आले नव्हते! आणि ही गोष्ट अळीपाशी थांबत नाही. असा वायू वाढवून पिकवलेल्या गव्हातांदळातही प्रथिने, लोह आणि जस्त कमी भरते. ज्वारीची घडण निराळी. तिच्या प्रथिनांना फारसा धक्का लागत नाही.

वहिनींनी त्या रात्री ज्वारीची भाकरीच केली होती. एरवी पोळीसाठी रुसणारा नातू दीड भाकरी जेवला. ते पान त्याने वहीत जपून ठेवले आहे. यंदा मात्र त्याची अट आहे, की आजोळी जायचे ते एस. टी.नेच. मी कानाला बांधायचा मफलर शोधून ठेवला आहे.