दीर्घ दुखण्याचा जमाखर्च

वाचकहो, आजारपणाचा खर्च म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे इस्पितळाचे बिल उभे राहते. त्यासाठी आपण विमा उतरवतो, चार पैसे बाजूला ठेवतो. परंतु जे दुखणे बरे होत नाही आणि लवकर संपतही नाही, त्याचा खर्च निराळ्या जातीचा असतो. हे मला फार उशिरा उमगले. आपणांस ते वेळेवर उमगावे, एवढ्यासाठी संकोच बाजूला ठेवून घरची हकीकत सांगत आहे.

आम्ही मूळचे सोलापूरचे. यांच्या नोकरीनिमित्त बंगळूरला आलो आणि एचएसआर लेआउटमध्ये लहानसे दुमजली घर बांधले. होसूर आणि सर्जापूर या रस्त्यांवरून नाव पडलेल्या या वसाहतीत तेव्हा वर्दळ बेताचीच होती. पहाटे अगरा तलावाकडे फिरायला जाण्याचा यांचा नेम होता. २०१७ साली त्याच वाटेवर यांचा उजवा पाय अडखळू लागला. होसूर रस्त्यावरील निम्हान्स या संस्थेत तपासणी होऊन पार्किन्सनच्या विकाराचे निदान झाले. या रोगात मेंदूतील डोपामीन नावाचे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नाश पावतात. त्यामुळे हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात. औषधाने त्रास आटोक्यात राहतो, परंतु रोग मुळातून जात नाही.

या रोगात पुष्कळांचे अक्षरही बारीक होत जाते. एके दिवशी यांचा धनादेश सही जुळत नाही म्हणून परत आला. सारे व्यवहार एकट्या यांच्या नावावर! चाळीस वर्षांच्या संसारात मी बँकेच्या खिडकीपाशी कधी उभी राहिले नव्हते. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की, ज्याला सही करता येत नाही अशा आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमक्ष घेऊन पैसे देण्याची सोय रिझर्व्ह बँकेने करून ठेवली आहे. त्या साक्षीदारांपैकी एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. आम्ही खाते दोघांच्या नावे करून घेतले. हे काम रोग्याची बुद्धी शाबूत आहे तोवरच करावे. कारण ती ढळल्यावर मुखत्यारपत्रही कायद्याने टिकत नाही.

२०२२ साली हे न्हाणीघरात पडले. इस्पितळातील पाच दिवसांचे पैसे विम्याने बहुतांशी दिले, आणि आता निभावले असे मला वाटले. परंतु खरा खर्च घरी परतल्यावर सुरू झाला. दिवसा यांना उठवायला, आंघोळ घालायला, चालवायला रायचूरकडचा एक मुलगा ठेवला; त्याचे महिना २४,००० रुपये. रात्री कूस बदलण्यासाठी आणखी एक माणूस. शिवाय व्यायाम करवून घेणारे तज्ज्ञ आणि औषधे. आरोग्यविमा सामान्यतः इस्पितळातील खाटेचा असतो, घरातील खाटेचा नसतो. ७० वर्षांवरील सर्वांसाठी २०२४ साली विस्तारलेल्या आयुष्मान भारत योजनेचे ५ लाखांचे छत्रही इस्पितळातील उपचारांसाठीच आहे.

आता हिशेब पाहा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवीची मर्यादा २०२३ पासून ३० लाख रुपये आहे. आमची जवळजवळ सारी पुंजी तीत होती. ८.२ टक्के दराने तिचे व्याज तिमाहीस ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्यास २०,५०० रुपये. त्यात दिवसाच्या माणसाचा पगारही भागत नव्हता!

मी यांना काही बोलले नाही. रोग्याच्या कानावर पैशाची गोष्ट घालू नये, अशी आपल्याकडची समजूत आहे. मी पाटल्या मोडल्या, आणि तेही पुरेना तेव्हा रात्रीच्या माणसाला रजा दिली. चौथ्या महिन्यात यांना उचलताना माझ्या कमरेत उसण भरली ती पंधरा दिवस अंथरुणाला खिळले. मग दोन रोग्यांसाठी माणसे ठेवावी लागली आणि वाचवलेले सारे पैसे त्यात गेले.

तेव्हा हे अडखळत म्हणाले, “अगं, दुखणं माझं आहे, मग हिशेब मला का दाखवत नाहीस?”

त्या प्रश्नाने मी खजील झाले. मी यांच्या शरीराची सेवा करीत होते, परंतु घरातील कर्ता माणूस म्हणून यांना केव्हाच वगळून टाकले होते. त्या रविवारी वही घेऊन आम्ही दोघे बसलो. मुलाच्या येण्यासाठी मोकळा ठेवलेला वरचा मजला भाड्याने देण्याचे यांनीच सुचवले. डॉक्टरांच्या संमतीने काही औषधे जनऔषधी केंद्रातून घेऊ लागलो. जुन्या करपद्धतीत, या रोगामुळे ४० टक्के वा अधिक अपंगत्व आल्याचा तज्ज्ञाचा दाखला असल्यास, ज्येष्ठ नागरिकाला उपचारखर्चापोटी १ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते, तीही घेतली. रात्रीचा माणूस पुन्हा ठेवला. माझी कंबर हीदेखील घराची पुंजी आहे, असे यांनी बजावले.

मुलगा जर्मनीत असतो. त्याच्यापाशी मागायला मला जड जात होते. यांनी मात्र दरमहा ठरावीक रक्कम मागितली आणि त्याने ती आनंदाने मान्य केली. तो सांगत होता की, तिकडे १९९५ पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा स्वतंत्र विमा आहे व त्याच्या वेतनातून त्याची वर्गणी कापली जाते. जपाननेही २००० साली असा विमा सुरू केला. तेथे चाळिशीपासून वर्गणी भरावी लागते. आपल्याकडे सर्वांसाठी अशी व्यवस्था नाही. ती होईल तेव्हा होवो; तोवर ही तरतूद ज्याची त्यानेच केली पाहिजे.

शेवटचा आधार म्हणून २००७ साली आपल्याकडे आलेली उलट गहाणाची योजना आम्ही वहीत टिपून ठेवली आहे. तीत साठीपुढील घरमालकास बँक घराच्या तारणावर पैसे देते, आणि पतिपत्नींपैकी एकजण जरी त्या घरात राहत असला तरी सहसा कर्जफेड मागत नाही. ती वेळ आली तर निर्णय दोघे मिळून घेऊ.

वाचकहो, आपल्या घरी असे दुखणे आले असेल, तर वही लपवू नका. खाती दोघांच्या नावे करा, सेवा करणाऱ्याच्या विश्रांतीचे पैसे खर्चात आधी धरा, आणि रोग्याला हिशेबाला बसवा. आमच्याकडे महिनाअखेर हे वहीखाली सही करतात. ती आता ज्वारीच्या दाण्याएवढी झाली आहे. बँकेला ती चालणार नाही, आम्हांला चालते.