चकमकीच्या वाटा

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे एक लहानसे शहर आहे. २००६ साली तेथून ३४ सायकलस्वार खडीच्या रस्त्यांनी २०० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरच्या शर्यतीस निघाले. आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने चालणाऱ्या त्या शर्यतीस देशोदेशींचे स्वार येतात. त्यांची सायकल डांबरी रस्त्यावरच्या सायकलीसारखीच वाकड्या हँडलची, पण रुंद टायरची असते.

या परिसराला फ्लिंट हिल्स म्हणतात. फ्लिंट म्हणजे चकमक. येथील चुनखडीच्या थरांत चकमकीचे पट्टे आहेत. चुनखडी झिजते, चकमक उरते. या भूमीत नांगर चालेना, म्हणूनच येथे उंच गवताचे माळ टिकले. पूर्वी ज्या दगडाची बाणाग्रे होत, त्याच्याच कपऱ्या आज रस्त्यावर पसरलेल्या असतात आणि टायरची बाजू सुरीसारखी चिरतात.

तेव्हा नकाशावर रेघ ओढणे हे मार्ग आखण्याचे सर्वांत सोपे काम. कोणता रस्ता खडीचा, कोणता निव्वळ मातीचा, पाणी कोठे मिळेल, दोन गावांत अंतर किती, हे आधी पाहावे लागते. उन्हाळ्यात वारा बहुधा दक्षिणेकडून येतो. कॅन्सस हे नावच ज्या कॉ लोकांवरून पडले, त्यांना ‘दक्षिणवाऱ्याचे लोक’ म्हणतात. जाणता स्वार अंगात जोम असेपर्यंत दक्षिणेकडे जातो आणि थकल्यावर वारा पाठीशी घेऊन परततो.

टायर निवडायचा तो यानंतर. दुकानात हलका, पातळ टायर मोहक वाटतो, आणि वजनाचा हिशेब मांडणाऱ्यास तो स्वस्तातला नफाही भासतो. माळावर मात्र हा नफा एका कपरीत बुडतो. तेथे ४० ते ५० मिलिमीटर रुंदीचा, बाजू मजबूत असलेला ट्यूबलेस टायरच कामाचा. मागच्या चाकावर भार अधिक, म्हणून तेथे अधिक दणकट टायर घालणे शहाणपणाचे. हवा फार भरली तर चाक दगडावरून उडते; फार कमी ठेवली तर रिमच दगडावर आदळते.

तथापि रुंदीलाही मर्यादा आहे. २०२३ साली पावसाने मातीच्या रस्त्यांचा चिकट चिखल झाला. टायर आणि फ्रेम यांत बोटभरही जागा न ठेवणाऱ्यांची चाके जागीच अडली. कित्येकांनी सायकली खांद्यावर घेतल्या आणि काडीने चिखल खरवडीत वाट काढली.

टायरमधील द्रव सीलंट बारीक छिद्र आपोआप बुजवतो. लांब चीर मात्र त्याच्या आवाक्याबाहेरची. अशा वेळी अनुभवी स्वार खिशातून डॉलरची नोट काढतो. ही नोट लाकडाच्या लगद्याची नसून कापूस आणि लिनन यांची असते. घडी करून ती चिरेच्या आत बसवायची, वर सोबतची ट्यूब घालायची आणि बेताचीच हवा भरायची. दुकान कोसांवर, माळावर माणूस नाही, अशा ठिकाणी त्या एका डॉलरवर पुढचे गाव गाठता येते.