काटा यायचा असतो

संक्रांतीच्या आधीचे आठ दिवस आमच्या गिरगावातल्या चाळीत आजीच्या स्वयंपाकघराला मुलांचा पाय लागत नसे. काटेरी हलव्यासाठी राखेनं झाकलेल्या निखाऱ्यांवर परात, परातीत मूठभर खसखस. त्यावर चमचाभर एकतारी पाक सोडायचा, बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचे, कोरडे झाले की पुढचा चमचा. घाई झाली तर गोळा, हात जड पडला तर काटा मोडलेला. "काटा काढायचा नसतो गं, यायचा असतो," आजी सांगायची.

पुढे माटुंग्याच्या यूडीसीटीत, रासायनिक तंत्रज्ञान शिकताना, स्फटिकांशी गाठ पडली तेव्हा आजीचं वाक्य नव्यानं समजलं. खडीसाखर आणि हलवा, रेणू एकच. खडीसाखरेत ते दोऱ्याभोवती सावकाश, शिस्तीत रचले जातात, म्हणून प्रकाश आरपार जातो. हलव्यात असंख्य बारीक स्फटिक एकमेकांवर चढतात, प्रकाश विखुरतो आणि दाणा पांढराशुभ्र दिसतो. जपानमध्ये हलव्याचा भाऊ शोभावा असा कोम्पेइतो नावाचा साखरदाणा मिळतो. गोल दाणा गोलच का वाढत नाही, हे कोडं तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञालाही पडलं होतं.

हे सगळं खाऊपुरतं नाही. एड्सवरच्या रिटोनाविर या औषधाच्या कॅप्सूल १९९८ साली बाजारातून परत घ्याव्या लागल्या. रेणू तोच होता, पण अचानक तो वेगळ्या रचनेत बसू लागला आणि ते नवे स्फटिक पुरेसे विरघळेनात. जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळा हाताशी असूनही स्फटिकानं कुणाला विचारलं नाही. आपल्या हाती असतं ते भोवतालचं: आच, पाकाची तार, हवेतला ओलावा, ढवळण्याची गती. रेणूंनी कसं बसायचं ते रेणूच ठरवतात.

एका वर्षी पौषात मळभ आलं. समुद्रावरचा दमट वारा खिडकीतून आत येत राहिला. तीन रात्री जागूनही दाणे गुळगुळीतच राहिले. मला रडू फुटलं, कारण धाकट्या भावाच्या बोरन्हाणाला हलव्याचे दागिने करायचे होते. आजीनं परात उतरवली, एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाली, "यंदा हवा आपली नव्हती. गोडी आहे ना?"

आता मी हलवा दादरहून विकत आणते. डबा उघडला की आधी दाण्यावरून बोट फिरवते.