आषाढात टिकेल ते पॉलिश

पेडणे-डिचोलीत जुनं घर उतरवलं की सागवानाच्या, फणसाच्या फळ्या निघतात. हल्ली काही जण त्या मेस्ताकडून जोडून घेऊन स्वयंपाकाचा ओटा करतात आणि मला विचारतात, "वर चकाकणारं कुठलं मारू?" चकाकणारं मारूच नका, हे माझं उत्तर फारसं कुणाला आवडत नाही.

पीयू (पॉलियुरेथेन) आणि मेलामाइन ही चकाकणारी पॉलिशं लाकडात मुरत नाहीत, वर थर धरतात. लाकूड मात्र हलत राहतं. जानेवारीत सुकलेला दोन फुटी सागवानी ओटा जुलैत रुंदीला चार-पाच मिलिमीटर सहज फुगतो. लांबीला जवळजवळ नाहीच. मग फळ्यांच्या सांध्यावर आणि सिंकच्या कापावर थर तडकतो, पाणी आत शिरतं आणि तिथून तो पांढरा पडून सुटू लागतो. तेवढ्याच जागेला ठिगळ लावलं तर डाग दिसतो. म्हणजे सगळा ओटा घासा, तोही भर पावसात, स्वयंपाक बंद ठेवून!

लाखेचं स्पिरिट पॉलिश देवघराला शोभतं. ओट्यावर फेणी सांडली की ते विरघळतं. सावंतवाडीच्या खेळण्यांवर लाख चढते ती लेथवरच्या घर्षणाच्या उष्णतेनं मऊ होऊन. पेजेचं गरम भांडं ओट्यावर तेच करणार.

राहिलं तेल. खोबरेल हाताशी असतं, पण ते कधी सुकत नाही, खवट मात्र होतं. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना आणि वाशांना ठीक; ते काळं असतं आणि कातडी भाजतं. हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होणारं तेल हवं. जवसाचं स्वस्त पडतं, पण कच्चं लावलं तर आठवडेच्या आठवडे चिकट राहतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. मी टंग तेल निवडतो, किंवा तेल-मेणाचं तयार मिश्रण. खर्च जास्त, पण झिजलेल्या जागी काचपेपर फिरवून घरच्या माणसाला पुन्हा हात मारता येतो. माझ्या लेखी हा एकच गुण बाकी सगळ्यांवर भारी आहे.

दिवाळी झाली की काम काढावं. फेब्रुवारीपर्यंत हवा साथ देते. हात पातळच द्यायचा आणि न मुरलेलं तेल पुसून घ्यायचं. फळीची टोकं जास्त पितात, त्यांना एखादा हात जादा. खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच हात हवेत, नाहीतर ओटा वाकतो. कारागीर नेमका इथेच अंग चोरतो. ओटा खालून आवळताना स्क्रूची भोकं लांबट ठेवायला सांगा, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते.

एवढं करूनही ओली विळी ओट्यावर विसरलात तर सागवानावर काळा डाग पडणारच. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा तो उद्योग, त्यात पॉलिशचा दोष नाही. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. सुकताना तेल तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आधी पाण्यात बुडवा, मग अंगणात पसरून वाळवा.